साडूच्या नाकावर टिच्चून

२ फेब्रुवारी, रविवार

डावा अंगठा सुजून टोमॅटो झालाय. अक्षर त्यामुळे खराब येतंय. लिहितो उजव्या हाताने, पण परिणाम होतोच.

सीझन सुरू झाला म्हणून आज होडी तलावात सोडली. सोडली म्हणजे सुटली. ट्रेलरवरच्या हातविंचचा (होडी ओढायची तार गुंडाळणारा रहाट) खटका निसटला, हँडल गरगर फिरलं, अंगठ्यावर बसलं, आणि सासरेबुवांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली लाकडी होडी उतारावरून जी सुसाट गेली ती थेट धक्क्याच्या खांबावर. नाकाशी टवका उडाला. काठावरच्या सगळ्यांनी अरे अरे केलं. अरे अरे करायला कुणाच्या बापाचं काय जातं!

पाठोपाठ साडूने (हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दुसरं काही कर्तृत्व नाही) आपली फायबरची होडी उतरवली. इलेक्ट्रिक विंच. एक बटण दाबलं. घुर्रर्र. होडी बोटबोटभर सरकत पाण्यात. मग हात झटकत माझ्याकडे आला आणि विचारलं, की दादा, लागलं का?

वरकरणी साधा प्रश्न. पण स्वर! आणि तोही चारचौघांत.

सासरेबुवांनी टवक्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, की आता सीझन संपला की होडी धाकट्यांकडेच ठेवू. त्यांच्याकडे सोय आहे.

सोय!

बदला घेणार. ही डायरी त्यासाठीच काढली आहे. यात फक्त बदल्याबद्दल लिहायचं. दूधवाला वगैरे विषय नाहीत.

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात लक्ष लागेना. इन्शुरन्सच्या क्लेम खात्यात आहे ते एक बरं. आज टेबलावर आलेले सगळे क्लेम 'मालकाचा निष्काळजीपणा' लिहून नामंजूर केले. जरा मोकळं वाटलं.

प्लॅन तयार. बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी यंदा तलाव लवकर उपसणार आहेत. १६ मार्चच्या रविवारी सगळ्यांनी होड्या बाहेर काढायच्या. त्या दिवशी माझ्या ट्रेलरवर इलेक्ट्रिक विंच असेल. साडूच्या विंचपेक्षा मोठा. जीपच्या बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत वायरिंग मी करणार, एकटा, कुणाचा हात न लागू देता. सगळा गाव काठावर जमलेला असेल आणि मी एक बटण दाबेन.

ही म्हणाली, की अहो, गॅरेजवाल्याकडे टाका ना गाडी, एका दुपारचं काम आहे. गॅरेजवाला साडूच्या उठण्याबसण्यातला. म्हणजे हेर. नाही म्हणून सांगितलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

विंच आणला. डब्यावर फोटो आहे, त्यात हाच विंच चिखलातून ट्रक ओढतोय. स्पेअरपार्टवाल्याने विचारलं, वायरिंग कोण करणार? म्हटलं, मीच. तर त्याने बिलावर शिक्का मारला, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. असला शिक्का इतक्या आवाजात मारायची काय गरज होती?

विंच ट्रेलरच्या पुढच्या खांबावर बसवला. चार बोल्ट. अंगठा अजून दुखतो म्हणून तीनच लावले. तीन पुरतात. स्टुलालाही कधीकधी तीनच पाय असतात.

मॅन्युअल हिने वाचायला घेतलं. मी वाचणार नाही. मॅन्युअल वाचून बदला घेतला असं कुठे ऐकलंय का?

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. काम नाही केलं, मन नव्हतं.

अंगण रिकामं दिसतं. होडी घरी असते तेव्हा सासरेबुवा दर रविवारी येतात. हिला भेटायला नाही, होडीला. ताडपत्री उचलतात, एकेका फळीवरून अंगठा फिरवतात, खिळ्यांशी काहीतरी पुटपुटतात. मग मला माझ्याच अंगणात 'या, बसा' म्हणतात. आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर बसून चहा पितो. बोलत काही नाही. एकदाच म्हणाले होते, की ही फळी मी तीनदा कापली, दोनदा चुकलो. एवढं सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

होडी साडूकडे गेली की रविवारी ते तिकडे जाणार. तिकडे बादल्यासुद्धा नसतील. गार्डन चेअर असतील.

डायरीत हे लिहायचं नव्हतं. विषय बदला हा आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिला प्रयोग. विलक्षण कल्पना सुचली. जीपच्या मागे ट्रेलरच्या लाइटसाठी सात पिनांचा सॉकेट आहेच. तिथे करंट येतो, विंचला करंट लागतो. मग बॅटरीपासून नवी वायर ओढायची कशाला? हे जगात कुणाच्या डोक्यात आलं नाही याचं नवल वाटलं.

जोडलं. बटण दाबलं. विंचने 'टक' असा आवाज केला. जीपचे मागचे दिवे गेले, पुढचे गेले, हॉर्नही गेला. रेडिओ मात्र चालू राहिला, तो माझ्याकडे बघून हसल्यासारखा काहीतरी बडबडत होता.

ही म्हणाली, की मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानावर लिहिलंय, लाइटच्या वायरवर जोडू नये. पहिल्या पानावर लिहिलेलं कुणी गंभीरपणे घेतं का? तिथे नेहमी 'आपले अभिनंदन' असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फ्यूज बदलला. उडाला. पुन्हा बदलला. उडाला. तिसऱ्याला बिस्किटाच्या पुड्याची चांदी गुंडाळून बसवला.

उडाला नाही.

सायंकाळी: फ्यूज उडाला नाही, पण पायाखालची वायर जळली. डॅशबोर्डखालून धूर. कार्पेटला भोक. शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलं, काय भाजताय? खिडकी बंद करून घेतली. त्यांची नव्हे, माझी.

मागच्याच महिन्यात एका माणसाचा क्लेम याच कारणासाठी मी नामंजूर केला होता. फ्यूजला चांदी गुंडाळली होती त्याने. पण त्याची गोष्ट वेगळी. त्याला कळत नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कारस्थान!

दुपारी साडू दारात. हातात गोणी. म्हणाला, की दादा, माझ्या वायरिंगमधून उरलेली जाड केबल आहे, आणि एक ब्रेकर आहे, आणि मागे लावायचा मोठा प्लग आहे, माझ्या गाडीला मापात न बसलेला. पडून आहे नुसतं. तुमच्या उपयोगी पडेल.

त्याला कसं कळलं? ही बहिणीशी रोज फोनवर बोलते, तिथूनच गळती. मी काही लपवत नाही पण युद्धात काही नियम असतात.

जाड केबल दाखवून त्याला म्हणायचं काय होतं? माझी केबल बारीक, एवढंच ना? गोणी त्याच्यासमोर उघडलीसुद्धा नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात टाकली आणि म्हटलं, बघू. या 'बघू'मध्ये मी जेवढा अपमान भरला तेवढा आजवर कुणी भरला नसेल. तो मात्र चहा पिऊन, दोन बिस्किटं खाऊन, हसत गेला. बिस्किटं त्याच पुड्यातली. पुड्याला चांदी का नाही असंही विचारलं नाही. म्हणजे माहीत आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बॅटरीपासून स्वतंत्र वायर. साडूची गोणी उघडायची नाही म्हणून नवी आणली. स्पेअरपार्टवाला म्हणाला, विंचला ही बारीक पडेल. म्हटलं, लांबीला पुरते ना? म्हणाला, लांबीला पुरते. मग झालं तर.

जीपखाली झोपून दिवस काढला. डोळ्यात माती, कानात ग्रीस, चारही बोटांची सालटं निघाली. पण वायर मागे पोचली.

बटण दाबलं आणि विंच फिरला! मोकळा ड्रम असा काही घुरघुरला की अंगावर काटा आला. हिला हाक मारली. ही पीठ लागलेल्या हाताने आली, पाहिलं, छान म्हणाली. मग तिने तारेच्या टोकाचा हुक धरून नुसता जरा ओढून धरला. एका हाताने. विंच थांबला.

विंच इलेक्ट्रिक आहे की बायकोच्या बाजूचा, कळेना.

वायर हाताला चटका बसेल इतकी तापली होती. बहुधा हवामान.

१ मार्च, शनिवार

खूप विचार केला. इतिहासात असं कितीदा झालंय, की शत्रूची तोफ हिसकावून शत्रूवरच डागली. गोणी उघडली.

केबल खरंच अंगठ्याएवढी जाड आहे. माझ्या निरोगी अंगठ्याएवढी.

ब्रेकर बॅटरीजवळ बसवला. केबलचे दोन्ही तुकडे काळे. एक प्लसचा, एक मायनसचा, ते लक्षात राहावं म्हणून एकाच्या टोकाला हिची लाल लोकर बांधली. दोन्ही तुकडे पाइपमध्ये घालून चेसिसच्या कडेने मागे नेले. दर हातभर अंतरावर पट्टी, दर पट्टीला दोन स्क्रू. हे काम कुणी उपसून दाखवावं!

मागच्या टोकाला पोचलो तेव्हा लोकर कुठेतरी पाइपमध्येच राहिली होती. मग मोठा प्लग जोडताना कुठला प्लसचा ते अंतर्मनाला विचारलं.

२ मार्च, रविवार

अंतर्मन चुकलं.

म्हणजे चुकलं असं नाही. विंच जोरात चालतो. पण रिमोटवर 'इन' दाबलं की तार बाहेर येते, आणि 'आउट' दाबलं की आत जाते.

ही म्हणाली, उलटं जोडलं गेलंय. ते मलाही दिसत होतं. पण आता तो पाइप, त्या पट्ट्या, ते सगळे स्क्रू पुन्हा काढायचे? पुन्हा जीपखाली? अजून डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही.

त्यापेक्षा लक्षात ठेवायचं. 'इन' म्हणजे आउट. सोपं आहे. शिवाय हा एक प्रकारचा पासवर्डच झाला. चोराने ट्रेलर पळवला तरी त्याला विंच वापरता येणार नाही. साडूच्या विंचला अशी सिक्युरिटी आहे का? नाही.

ही म्हणाली, की निदान चिठ्ठी तरी चिकटवा त्यावर. पासवर्ड कुणी चिकटवून ठेवतं का?

८ मार्च, शनिवार

भार देऊन चाचणी. विंचचा हुक अंगणाच्या गेटला लावला, जीपचा हँडब्रेक ओढला, आणि 'आउट' (म्हणजे इन) दाबलं.

गेट आलं.

खांबासकट नाही, फक्त गेट. बिजागऱ्या खांबालाच राहिल्या. पण काय ताकद! इतकी वर्षं हे गेट करकरतं म्हणून ही कुरकुरायची, आता ते करकरणार नाही. मी पुढे काय होईल ते बघत 'आउट'वरचं बोट काढायचं विसरलो, त्यामुळे गेट ट्रेलरवर व्यवस्थित चढलंसुद्धा. होडी अगदी अशीच चढणार. साडूने हे पाहायला हवं होतं.

हिने गेटकडे पाहिलं. बहिणीला फोन लावून आत गेली.

मॅन्युअलच्या पानावर तिने पेन्सिलीने खूण करून ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं होतं. तार कधीही पूर्ण सोडू नये, ड्रमवर किमान पाच वेढे राहू द्यावेत, तारेचं टोक नुसत्या स्क्रूने धरलेलं असतं, वगैरे. मला तार सोडायचीच नाहीये. मला होडी ओढायची आहे. मान हलवून जेवलो.

१२ मार्च, बुधवार

वाक्य जुळवतोय. त्या दिवशी साडूला काय म्हणायचं, ते.

आधी ठरवलं होतं, की होडी चढली की शांतपणे म्हणायचं, 'सोय आहे आमच्याकडेही.' पण ते सासरेबुवांना लागेल. मग, 'साडू, लागलं का?' हे झकास आहे, पण त्याला काही लागलेलं नसेल तर विनोद फुकट जाईल.

आत्ता सुचलं! होडी अर्धी वर आणायची, सगळे बघतायत, टाळ्या पडतायत, आणि अशा वेळी रिमोट काढून साडूच्या हातात द्यायचा. म्हणायचं, 'घ्या, दाबा. तुम्हालाही जमेल.'

माझ्या विजयाचं शेवटचं बटण त्याने दाबायचं! त्याच्याच केबलने! असा बदला अजून कुणी घेतला नसेल. ऑफिसात हसू आवरेना. साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, एक क्लेम मंजूर केला.

१६ मार्च, रविवार, सकाळी

आकाश स्वच्छ. जीप धुतली. रिमोट पुसला. हिने डबे भरले. सगळे येणार आहेत.

'घ्या, दाबा. तुम्हालाही जमेल.' आरशासमोर तीनचार वेळा म्हणून पाहिलं. 'तुम्हालाही'वर जोर द्यायचा.

आज!

१६ मार्च, रविवार, दुपार

काही लिहायचं नाही.

१८ मार्च, मंगळवार

दोन दिवस ऑफिसला गेलो नाही. तब्येत. आता सगळं एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे चूक कुणाची ते कागदावर राहील.

सुरुवात उत्तम झाली हे कुणीही मान्य करेल. जीप एका दमात मागे घेतली, ट्रेलर पाण्याच्या कडेला. सासरेबुवा नेहमीसारखे होडीतच बसून राहिले. ती ट्रेलरवर चढताना ते नेहमी आत बसतात, म्हणतात की आवाजावरून कळतं कुठली फळी दुखतेय. वल्ही त्यांनी आधीच हिच्याकडे दिली होती आणि हिने ती जीपमध्ये ठेवली होती. हे महत्त्वाचं आहे.

हुक लावला. मी 'आउट' (म्हणजे इन) दाबलं. घुर्रर्र! होडीचं नाक वर आलं, रोलरवर चढलं, सरकू लागलं. मेहुणी ओरडली, की वा भाऊजी! कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. काठावर सगळे वळून पाहत होते. सासरेबुवांनी होडीतून माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्यांनी मान डोलावली हे मी शपथेवर सांगतो.

अर्धी होडी वर आली तेव्हा मी थांबलो. साडू शेजारीच उभा होता. रिमोट त्याच्या हातात दिला आणि वाक्य म्हटलं. 'तुम्हालाही'वर जोर दिला.

तो खरोखर खूश झाला. म्हणाला, की अरे वा, दादा, थँक्यू. आणि 'इन' दाबलं.

माझ्या लक्षात आलं तेव्हा होडी रोलरवरून खाली निघाली होती.

आता सांगा, होडी खाली जातेय असं दिसल्यावर माणूस काय करतो? 'इन' आणखी जोरात दाबतो. साडूने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मी ओरडलो, आउट दाबा, आउट! सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. होडी आउट चाललीच होती आणि हा माणूस आउट आउट ओरडतोय! मेहुणी म्हणाली, भाऊजी, असं काय करताय? मी म्हटलं, इन म्हणजे आउट! त्याने कुणालाच काही कळलं नाही. साडू बिचारा (हा शब्द खोडायचा आहे) इनच दाबत राहिला, आणि विंच, माझ्या हातचं वायरिंग असल्यामुळे, एक क्षणही न अडखळता तार सोडत राहिला.

पाच वेढे, चार वेढे, तीन. मग ड्रमवरून तारेचं टोक सुटलं. टुण्ण असा बारीक आवाज आला.

होडी तलावाच्या मध्याकडे निघाली. मागे पाण्यात सगळी तार. आत सासरेबुवा, सरळ बसलेले, वल्ही नाहीत. त्यांनी हाक मारली नाही, हातही हलवला नाही. फक्त मान वळवून माझ्याकडे बघत लहान लहान होत गेले.

हीच तेवढी बोलली. म्हणाली, बाबा, हलू नका हं!

साडू कपड्यांसकट पाण्यात शिरला. छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. तार पकडली, खांद्यावर घेतली आणि होडी ओढत काठाला आणली. मी रिमोट धरून उभा होतो. कुणीतरी तो धरायला हवा होता.

तो बाहेर आला, निथळत, आणि पहिली गोष्ट माझ्याकडे बघून विचारली, की दादा, तुम्हाला कुठे लागलं का?

मी हो म्हणालो. बोटाला काही झालं नव्हतं. तसंच तोंडातून गेलं.

पुढचं थोडक्यात. त्याने तारेचं टोक पुन्हा ड्रमवर घट्ट बसवलं, पाच वेढे घेतले. मग विंचला येणाऱ्या दोन वायरी तिथल्या तिथे, विंचपाशीच, अदलाबदल केल्या. पाइप नाही, पट्ट्या नाहीत, जीपखाली झोपणं नाही. दोन नट. माझा चहा निवला नसता एवढ्या वेळात. मग 'इन' दाबलं आणि होडी इन आली, टोकापर्यंत, सासरेबुवांसकट. आता मात्र सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच विंचसाठी, पण माझ्यासाठी नाहीत.

सासरेबुवा उतरले. टवक्याशी अजून एक टवका झाला होता. म्हणाले, की जावईबापू, विंच चांगला आहे. मी म्हटलं, हो ना? म्हणाले, होडी धाकट्यांकडे ठेवू.

आणि ट्रेलर होडीच्या मापाचा, तो दुसऱ्या कुणाच्या होडीला चालत नाही, म्हणून ट्रेलरही गेला. आणि विंच ट्रेलरवर. तीनच बोल्ट होते, पण नेमके त्याच दिवशी गंजल्यासारखे घट्ट बसले. माझ्याच जीपने सगळं साडूच्या अंगणात पोचवून आलो.

१९ मार्च, बुधवार

ऑफिस. समोरच्या फाइलवर 'मालकाचा निष्काळजीपणा' लिहायला पेन उचललं आणि ठेवलं. मंजूर केला. क्लेम कुणाचा होता ते आठवत नाही, पण मंजूर केला.

२३ मार्च, रविवार

अंगण. गेट अजून भिंतीला टेकून उभं आहे. दोन बादल्या उलट्या ठेवल्या होत्या, त्या सरळ करून ठेवल्या. उगीच पाय अडकतो.

जीपच्या मागे मोठा प्लग लोंबतोय. बॅटरीपासून तिथपर्यंत जाड केबल, ब्रेकर, पट्ट्या, सगळं ठणठणीत. विंच नाही. सहज टेस्टर लावून पाहिला. पूर्ण करंट.

हिने विचारलं, काय बघताय? म्हटलं, काही नाही.

२४ मार्च, सोमवार

बदल्याचा नवा प्लॅन करावा म्हणून बसलो. सुचेना. साडूने पाण्यात शिरायलाच नको होतं. नसता शिरला तर मला त्याला काहीतरी म्हणता आलं असतं.

२९ मार्च, शनिवार

सासरेबुवांचा फोन! त्यांनी स्वतः केला. ते फोन करत नाहीत, त्यांना फोनवर कुठल्या बाजूने बोलायचं तेच कळत नाही.

म्हणाले, होडीचं बूड दुरुस्त करायचंय. ट्रेलरवर कधी वर ओढायची, कधी खाली सोडायची, असं बरंच आहे. पण विंचचा प्लग धाकट्यांच्या गाडीला बसत नाही. त्यांच्या गाडीचा जुन्या मापाचा आहे. तुमच्याच गाडीला बसतो. उद्या येता का?

म्हटलं, बघतो. या 'बघतो'मध्ये आधी भरला तसा अपमान भरायचा होता, पण आत काही सापडलं नाही.

३० मार्च, रविवार

गेलो. सकाळीच. जीप मागे घेऊन साडूच्या अंगणात लावली, प्लग जोडला. माझं काम एवढंच, की इंजिन चालू ठेवून सीटवर बसायचं, म्हणजे बॅटरी उतरत नाही. सासरेबुवा होडीखाली, साडू रिमोट धरून. मी आरशातून त्यांना बघत होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटलेली नाही. जो माणूस दोन वायरी चुटकीसरशी अदलाबदल करतो, त्याला आपल्या गाडीचा एक प्लग बदलता येत नाही? मी विचारलंसुद्धा. म्हणाला, बघू दादा, सवड मिळाली की करू, घाई काय आहे. आणि हसला. यात नक्की काहीतरी डाव आहे. लक्ष ठेवावं लागेल. लक्ष ठेवायचं म्हणजे दर रविवारी जावं लागेल, इलाज नाही.

गार्डन चेअर होत्याच, माझा अंदाज बरोबर होता. पण सासरेबुवांनी चहा आल्यावर खुर्ची घेतली नाही. रंगाचा रिकामा डबा उलटा करून जीपच्या दाराशी सरकवला आणि त्यावर बसले. फळीविषयी काहीतरी पुटपुटले. इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, म्हणून मी किल्लीकडे हात नेला.

तेवढ्यात त्यांनी मागे वळून धाकट्यांना सांगितलं, की जावईबापू आले म्हणून सोय झाली. आणि मला म्हणाले, गाडी बंद करू नका.

चालू ठेवली.